खांदे खाली

नवे साहेब आल्यापासून तालीमबाईंची एकदाही चूक निघाली नव्हती, आणि त्या काळजीनं बाईंची झोप उडाली होती.

बाहेरच्या माणसाला हे सांगून पटायचं नाही. ऑफिसात, बँकेत, दुकानात वरचा माणूस काही बोलत नाही म्हणजे सगळं सुरळीत चाललंय असं धरून चालतात. माणूस घरी जाऊन निवांत जेवतो. बॅलेमध्ये सगळं उलटं. सकाळी भिंतीच्या दांड्याला धरून पोरंपोरी ओळीनं उभी राहतात, पियानो सुरू होतो, आणि शिकवणारा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत जातो. कुणाच्या गुडघ्यावर टिचकी मारतो, कुणाची हनुवटी वर करतो, कुणाला सगळ्यांदेखत असं काही सुनावतो की दुसऱ्या धंद्यात त्यावरून भांडण पेटलं असतं. इथं मात्र ज्याला बोलणी बसतात तो मनातून सुखावतो. त्याच्यात अजून काहीतरी आहे, म्हणून तर त्याच्यासाठी कुणी घसा कोरडा करतंय! आणि ज्याच्यासमोरून शिकवणारा नुसता पुढे निघून जातो, आज, उद्या, परवा, त्यानं काय ते समजून घ्यायचं. त्याचा नाद सोडलेला असतो. तसं तोंडानं कुणी म्हणत नाही. पुढच्या हंगामात तो दांड्याला दिसत नाही, एवढंच.

बाईंचं सगळं आयुष्य या एका कंपनीत गेलं होतं. आल्या तेव्हा दोन वेण्या होत्या. आता दोरीला बांधलेला चष्मा गळ्यात लटकत होता. कंपनी काही राजधानीतली नव्हे. मध्यम शहर, मध्यम थिएटर, आणि बस भरून आसपासच्या गावांत प्रयोग करत फिरणारी पोरंपोरी. पण आपल्या भागात बॅले म्हणजे हीच, असं लोक छाती पुढे काढून सांगत. नाचायचं वय सरल्यावर बाईंकडे तालमी आल्या. नवं नृत्य रचायचं ते कलासंचालकांनी; ते एकदा बसलं की रोज घासूनपुसून प्रयोगापर्यंत लख्ख ठेवायचं ते बाईंनी. म्हणून त्या तालीमबाई. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं.

त्यांचा मंत्र एकच होता: "खांदे!" माणूस घाबरला, दमला किंवा खोटं बोलायला लागला की त्याचे खांदे कानांकडे चढतात, असं बाईंचं ठाम मत. पाय मागाहून बघू, आधी खांदे खाली. पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करायची. बाईंना ते माहीत होतं, आणि नक्कल करणाऱ्याचे खांदे वर असले तर त्या त्यालाही सोडत नसत. स्वतःच्या लग्नाचा फोटो काढताना त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला "खांदे!" म्हणून असं काही दटावलं होतं की त्या फोटोत तो बिचारा अजून श्वास रोखून उभा आहे.

जुने साहेब होते तोवर बाईंना कसली भ्रांत नव्हती. तो माणूस म्हणजे जमदग्नीचा अवतार! दुपारच्या जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा बाईंवर तोंडसुख घेतल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही. बाईही काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदा तर त्यांनी त्याच्या दिशेनं नाचाचा बूट भिरकावला होता. निवृत्त होताना सगळ्यांचा निरोप घेऊन तो बाईंपाशी आला आणि डोळे पुसत म्हणाला, "तुमचा तिसरा अंक अजूनही ढिला आहे." बाई त्या दिवशी हुंदके देऊन रडल्या. इतकं सुंदर त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.

त्याच्या जागी आले हे नवे साहेब. आणि खरी गंमत म्हणजे ते बाईंचेच जुने विद्यार्थी. कंपनीच्या शाळेत असताना त्याचं नाव होतं शिडी, कारण अंगानं काडी आणि उंची छताला लागलेली. मिसरूड फुटायच्या वयात तो एकाएकी शाळा सोडून गेला होता, कुठकुठे नाचला, कुठकुठे नाव काढलं, आणि आता संचालक होऊन परत आला. बातमी कळली तेव्हा बाईंना कोण आनंद! "अहो, आपला शिडी!" असं त्या येईल त्याला सांगत सुटल्या. पहिल्या सकाळी त्या दारातच उभ्या राहिल्या, "अरे शिडी" हे शब्द अगदी ओठांवर आणून. साहेब आले. काळा कोट, कानांवर थोडे पांढरे केस. त्यांनी बाईंशी हात मिळवला, "कशा आहात, बाई?" म्हणाले, आणि उत्तर ऐकायला न थांबता आत निघून गेले. ओठांवर आलेला शिडी बाईंनी गिळून टाकला. तेव्हापासून त्याही त्यांना सर म्हणू लागल्या.

त्यानंतर जे सुरू झालं ते म्हणजे नुसतं "छान." बाई तालीम घेत असल्या की साहेब मागच्या दाराशी येऊन उभे राहत, थोडा वेळ बघत, मान हलवत. "छान चाललंय, बाई." आणि गेले! वेशभूषेच्या माणसाला झापलं, दिव्यांच्या माणसाला झापलं, पोरींना तर उठताबसता. बाईंपाशी आले की छान. बाईंनी एकदा मुद्दाम एक जागा चुकीची बसवून पाहिली. साहेबांच्या कपाळावर आठी आलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, ओठही जरा हलले, आणि बाहेर काय पडलं? छान. चूक दिसूनही माणूस बोलत नाही म्हणजे आता राहिलं काय?

त्यात हंगाम संपत आलेला. तो संपला की पुढच्या हंगामाची माणसं ठरतात, आणि त्या सुमारालाच एक तरुण बाई तालमीला येऊन मागच्या बाकावर बसू लागली. कुठल्याशा दुसऱ्या कंपनीत तालमी घेते म्हणे. वागायला गोड, हसायला गोड, आणि खांदे असे की बाईंनाही बोट ठेवायला जागा सापडेना. पोरींनी तिचं नाव पाहुणी ठेवलं. पाहुणी किती दिवसांची, हे काही कुणी बोलत नव्हतं.

शेवटी न राहवून बाई मॅनेजरबाईंच्या खोलीत जाऊन धडकल्या. कंपनीचा सगळा कारभार या मॅनेजरबाईंच्या हातात. आधी त्या एका मोठ्या हॉस्पिटलचं ऑफिस सांभाळायच्या, त्यामुळे हिशेबाला पक्क्या, मनानं लोण्यासारख्या, आणि बॅलेतलं ओ की ठो कळायचं नाही.

"या, या, बसा ना. चहा सांगू?"

"साहेब माझ्याबद्दल काही बोलले का?" बाईंनी सरळ विषयालाच हात घातला.

"तुमच्याबद्दल? छे हो!" मॅनेजरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि प्रेमानं हसल्या. "एक शब्द नाही. बाकी प्रत्येकाबद्दल काही ना काही असतंच. काल तर पियानोकाकांच्या नावानं इतका वेळ बोलत होते की माझं डोकं उठलं. तुमच्याबद्दल म्हणाल तर एकही तक्रार नाही!"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "काकांबद्दल बराच वेळ बोलत होते?"

"हो ना. फार जोरात वाजवतात, मनाला येईल तिथे वेग वाढवतात, काय नि काय. बिचारे काका."

बिचारे! बाईंच्या मनात आलं, काय नशीब काढलंय या म्हाताऱ्यानं. "आणि ती मागच्या बाकावर बसते ती?" त्यांनी विचारलं.

मॅनेजरबाईंनी लगेच पेन उचललं. "त्याचं अजून काही ठरलेलं नाही हो. साहेब म्हणाले, कुणी तरी हाताशी असावं."

"माझ्या हाताशी, का माझ्या जागी?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा ना, बाई. पण तुम्ही कशाला घाबरताय? तुमचं तर सगळं उत्तम आहे!"

उत्तम! बाई जिन्यावरून खाली येताना कठड्याला धरून आल्या.

घरी सासूबाई स्वयंपाकघरातल्या आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. बाईंनी चहा केला, दोघींसाठी ओतला. सासूबाईंनी एक घोट घेतला.

"पाणी जास्त झालंय."

लग्न होऊन आल्यापासून बाईंच्या चहात कधी पाणी जास्त होतं, कधी साखर कमी, कधी तो उकळलेला नसतो आणि कधी काढा झालेला असतो. आज बाई नुसतं "हो" म्हणाल्या. सासूबाईंनी कप खाली ठेवून सुनेकडे नीट पाहिलं.

"मान कुठे गेली तुझी?"

"कुठे जाणार? आहे की."

"खांद्यात गेलीय. कासव बसलंय नुसतं माझ्यासमोर. काय झालंय?"

मग बाईंनी सगळं सांगितलं. छान, उत्तम, पाहुणी, सगळं. सासूबाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

"मग तोंडानं विचार ना त्याला," त्या शेवटी म्हणाल्या.

"आमच्यात असं विचारत नाहीत हो, आई."

"मग काय करतात तुमच्यात? कुढून मरतात?"

"तुम्हाला नाही कळायचं. तो मला टोकतच नाही. माझ्यात आता काही उरलंय असं त्याला वाटतच नाही." बाईंनी कप बाजूला सारला. "ही जागा गेली तर मी करू काय? मला दुसरं येतं काय? कुणाला खांदे खाली कर म्हणू, भाजीवाल्याला?"

"त्याला म्हणतेसच की तू," सासूबाई म्हणाल्या. मग कप पुढे सरकवत, "ज्या दिवशी मी तुझ्या चहाला काही बोलणार नाही ना, त्या दिवशी डॉक्टरला बोलाव. तुझं म्हणणं कळलं मला. पण त्याचं तोंड बंद आहे म्हणून तू तुझं का शिवून घेतलंयस?"

हा टोला बरोबर वर्मी बसला, कारण बाईंचं तोंड खरंच बंद होतं आणि त्याला कारणही होतं.

साहेबांचा नवा बॅले बसत होता. दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी वादळात बापाला शोधत समुद्रात उतरते, अशी गोष्ट. दुसऱ्या अंकात लाटा येतात, म्हणजे निळे कपडे घातलेल्या सगळ्या पोरी, आणि रंगमंच नुसता उसळतो. सुरेख रचलं होतं, यात वाद नाही. बाईंना तर पहिल्यांदा पाहताना चष्मा काढून पुसावा लागला होता. आपल्या शिडीनं हे केलं! पण लाटा डावीकडे धावत निघून जातात, आणि नेमकी त्याच वेळी उजवीकडच्या कोपऱ्यातून मुलगी येते. बघणाऱ्याची नजर लाटांबरोबर डावीकडे वाहून जाते. मुलगी आलीय हे कळेपर्यंत ती मध्यभागी पोचलेली असते. अंकातली सगळ्यात मोठी जागा, आणि कुणाला दिसतच नाही! बाईंना हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. आणि पहिल्या दिवसापासून त्या मूग गिळून बसल्या होत्या.

"अगं, सांग की त्याला," पियानोकाका रोज म्हणत. काका बाईंहून वयानं बरेच मोठे, गुडघे गेलेले, बोटं मात्र शाबूत. "मला आंधळ्याला दिसतंय ते. पोरगी येते तेव्हा मी इतकं हळुवार वाजवतो, आणि सगळे बघतात कुठे? त्या पळणाऱ्या पोरींच्या पाठी!"

"तुम्ही सांगा ना. तुमच्याशी बोलतात ते."

"माझ्याशी बोलत नाही, मला बोलतो. मी पेटीवाला माणूस. नाचातलं मी सांगितलं तर म्हणेल, तुम्ही आधी ताल सांभाळा."

"मग राहू दे तसंच. मला काय करायचंय? जाता जाता कशाला वाईटपणा घ्यायचा?"

असं म्हणायच्या आणि तालमीत ती जागा आली की मान फिरवायच्या. खरं सांगायचं तर त्यात निम्मी भीती होती आणि निम्मा रुसवा. तो मला टोकत नाही ना, मग मीही नाही टोकणार जा! हे एवढ्या वयाच्या बाईला शोभत नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

मग रंगमंचावरची पहिली तालीम आली. दुपारची वेळ, प्रेक्षागृह रिकामं, मधल्या रांगांवर आडवी फळी टाकून केलेलं टेबल, त्यावर साहेबांचा माइक आणि पाण्याची बाटली. बाई दोन रांगा मागे, कडेच्या खुर्चीत. मॅनेजरबाई कौतुकानं बघायला येऊन बसलेल्या. पाहुणी आणखी मागे. काका खाली पियानोवर. पहिला अंक ठीक झाला. दुसऱ्या अंकात लाटा आल्या, गेल्या, मुलगी आली, आणि अंक जो बसला तो उठेचना. साहेबांनी तो भाग पुन्हा घ्यायला लावला. दिवे बदलले. पुन्हा. मुलीला लवकर यायला सांगितलं. पुन्हा. तिचे कपडे पांढरे करू म्हणाले. मुलीचं काम करणारी पोरगी अगदी गुणी. तिला वाटायला लागलं, चुकतंय ते आपलंच. दर वेळी ती जास्त जोर लावत होती आणि दर वेळी तिचे खांदे थोडे आणखी वर चढत होते. बाईंना ते बघवेना. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

साहेब कपाळ चोळत बसले. मग माइक जवळ घेऊन थकलेल्या आवाजात म्हणाले, "असं करू. तो प्रवेशच काढून टाकू. मुलगी आधीपासूनच मध्यभागी असेल."

रंगमंचावर ती पोरगी तशीच उभी राहिली. तिची जागा होती ती, या अख्ख्या बॅलेत तिची म्हणावी अशी एकुलती एक. तिनं मान खाली घातली, पण खांदे काही खाली आले नाहीत.

आणि बाई उठल्या. उठायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं; त्यांचे पायच उठले.

"अरे शिडी, तिला कशाला काढतोस? लाटा थांबव ना!"

माइकची गरजच नव्हती. आवाज थेट मागच्या भिंतीवर आदळून परत आला. मॅनेजरबाईंनी तोंडावर हात ठेवला. शिडी कोण, असा प्रश्न पोरींच्या तोंडावर दिसला आणि लगेच, अय्या, हे शिडी, असं उत्तरही दिसलं. साहेब वळले. बाईंचं धाबं दणाणलं, पण आता सुटलेली गाडी कुठे आवरणार?

"लाटा पळतायत डावीकडे आणि ती बिचारी येतेय उजवीकडून. सगळे लाटांच्या मागे जातात! त्यांना थांबव. जिथे आहेत तिथे, एकदम गप्प. आणि तिला त्यांच्यामधून येऊ दे. सगळा समुद्र थांबलाय आणि एकटी ती हलतेय. मग बघू कोण बघत नाही तिच्याकडे!"

साहेबांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा रंगमंचाकडे. मग त्यांनी माइक उचलला. "लाटा, थांबा जागेवर. काका, तिथून घ्या."

काकांनी घेतलं, आणि इतकं हळू घेतलं की ऐकायला पुढे वाकावं लागावं. पोरी धावत आल्या आणि जिथे होत्या तिथे थिजल्या. निळ्या रंगाच्या त्या गर्दीतून मुलगी एकेक पाऊल टाकत पुढे आली. बस्स. एवढंच होतं. मॅनेजरबाईंना बॅलेतलं काही कळत नव्हतं, पण त्या पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या.

साहेबांनी सगळ्यांना विश्रांती दिली आणि ते रांगांमधून वाट काढत वर आले. बाईंच्या मनात आलं, झालं, आता इथेच हिशेब. ते त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. लांब पाय मावेनात म्हणून गुडघे पोटाशी घेतले, आणि बाईंना एकाएकी तो लहानपणी बसायचा तसाच दिसला.

"केव्हापासून दिसतंय तुम्हाला हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोलता? मी चूक करते, तुम्हाला ती दिसते, आणि तुम्ही म्हणता छान! माझा नाद सोडलायत तर तोंडावर सांगा ना, सर. कुणाला तरी आणून मागच्या बाकावर काय बसवता?"

साहेबांनी डोळे मोठे केले. "मी तुमचा नाद सोडलाय? बाई, तुम्ही माझा सोडलात!"

"मी?"

"एक अख्खा हिवाळा! दांड्याला उभा असायचो मी. अलीकडच्याला टोकायचात, पलीकडच्याला टोकायचात, आणि माझ्यासमोरून नुसत्या निघून जायचात. घरी आईच्या मांडीत डोकं घालून रडायचो. शेवटी तीच म्हणाली, चल, आपण दुसरीकडे जाऊ."

बाई खुर्चीतच त्याच्याकडे वळल्या. "अरे वेड्या," त्या म्हणाल्या, आणि सर, तुम्ही, सगळं कुठल्या कुठे गेलं. "तू वाढत होतास! आज पायाला सांगितलेलं उद्या लागू पडायचं नाही, इतका भराभर. अशा वेळी टोकलं की पोरं अंग आखडून घेतात ती कायमची. मी ठरवलं होतं, याला हात लावायचा नाही, याचं वाढून होऊ दे, मग घेऊ. रोज तुझ्याकडेच तर बघत होते मी!"

"मग सांगायचं ना तसं!"

"सांगायला..." बाई थांबल्या. खरंच, सांगायला काय झालं होतं? एक वाक्य होतं. इतकी वर्षं दिवसभर तोंडाचा पट्टा चालवला, आणि ते एक वाक्य तेवढं राहिलं. "सांगायला हवं होतं रे. चुकलं माझं."

शिडीनं नाक पुसलं. संचालकाला शोभेल असं ते अजिबात नव्हतं. "परत आलो, पहिल्या सकाळी वर्ग घेतला. तुम्ही मागे हात बांधून उभ्या. म्हटलं, आता काहीतरी म्हणतील. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मला वाटलं, अजून नापासच आहे मी."

"मी तू टोकायची वाट बघत होते!"

"तुम्हाला? माझी काय बिशाद! घरी आरशासमोर उभा राहून सराव केला. बाई, तुमचं हे चुकतंय. बायको म्हणाली, अहो, तुम्ही आरशालासुद्धा घाबरताय."

बाईंना हसू फुटलं. पण अजून एक काटा होता. "आणि ही पाहुणी?"

"मला वाटलं, तुम्ही वैतागून निघून जाणार. मग कुणी तरी बघून ठेवायला नको? ती चांगली आहे, शाळेतली पोरं सांभाळेल. पण तालमी?" त्यानं मान हलवली. "तुम्ही गेलात तर मी घाबरायचं कुणाला?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. अगदी आवाज होऊन पडला असावा, कारण पुढच्या रांगेतून मॅनेजरबाईंनी वळून पाहिलं. बाईंना रडूही येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली. शिडीनं आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"मग आता बोल," बाई दोन घोट घेऊन म्हणाल्या. "एवढ्या दिवसांचं साठलं असेल. एकही गिळायचं नाही."

"खरंच सांगू?"

"शिडी!"

"तुम्ही फार मोठ्यानं मोजता, बाई." तो एका दमात बोलून मोकळा झाला. "एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, सगळ्या संगीतावर! पोरी तुमचा आवाज ऐकून नाचतात. प्रयोगात तुम्ही नसता, मग त्या घाबरतात. आणि मागच्या रांगेकडे तुम्ही बघत नाही. आणि तिसरा अंक..."

"तिसऱ्या अंकाला काय झालंय?"

"ढिला आहे."

"ढिला? माझा तिसरा अंक?" बाई ताडकन उठल्या. "तो ढिला नाहीये, तुझं संगीतच तिथे रेंगाळतंय! आणि मोजण्याचं म्हणशील तर..."

"देवा, कुणी तरी बोललं एकदाचं!" खालून, पियानोच्या मागून काकांचा आवाज आला. "मी वाजवून वाजवून मेलो, हिच्या एक दोन तीन चारमध्ये माझा पियानो कुणी ऐकला असेल तर शपथ!"

"तुम्हीसुद्धा, काका? मग इतकी वर्षं काय तोंडात गुळणी धरून बसला होतात?"

"माझं ऐकू येईल इतकी तू कधी गप्प बसलीस का?"

रंगमंचावर पोरी एकमेकींना चिमटे काढत होत्या. मॅनेजरबाई मात्र घाबरून गेल्या होत्या. इतकी तक्रार, तीही सगळ्यांसमोर, त्यांच्या हॉस्पिटलात कधी झाली नव्हती. त्या लगबगीनं बाईंजवळ आल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो, बाई. रागाच्या भरात बोलून गेले असतील."

"मनावर घेऊ नको?" बाई म्हणाल्या. डोळे भरलेले, चेहरा उजळलेला. "अहो, जन्मभर मनावर घेणार आहे मी हे!"

मॅनेजरबाईंना काही कळलं नाही. मागे पाहुणीला कळलं. ती या धंद्यातलीच होती, आणि तिचंही तोंड सुटकेनं हसरं झालं. या खाष्ट बाईची जागा आपल्याला घ्यावी लागणार नाही म्हणून असेल.

शिडी खाली आपल्या टेबलाकडे निघाला. पोरी जागा घेऊ लागल्या. मुलीचं काम करणारी पोरगी पडद्याआड जाताना क्षणभर थांबली आणि तिनं अंधारात बाईंच्या दिशेनं बघून मान लववली. बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. बोटं एक दोन तीन चार करायला सवयीनं उचललेली, ती त्यांनी मांडीखाली दाबून धरली. आता कान देऊन काकांना ऐकायचं होतं.

टेबलाशी पोचून शिडी वळला. त्यानं माइक तोंडाशी धरला, क्षणभर कचरला, आणि मग सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असा गरजला:

"बाई! खांदे!"

बाईंनी दचकून आपल्या खांद्यांकडे पाहिलं. खरंच की! कानांना टेकायचे तेवढे बाकी होते. शिडी आला त्या सकाळपासून ते तिथेच असणार. जगाचे खांदे उतरवत फिरले आणि स्वतःचे राहिले! बाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि सोडला, आणि श्वासाबरोबर खांदे खाली आले, आपापल्या जागी बसले. मान मोकळी झाली. घरी गेल्या गेल्या ती सासूबाईंना दाखवायची, असं त्यांनी ठरवलं.

"बरोबर?" त्यांनी ओरडून विचारलं.

शिडीनं डोळे बारीक करून नीट पाहिलं.

"डावा अजून थोडा," तो म्हणाला.